आंधळगावच्या रस्त्यावर, फजरनंतर

नागपूरहून भंडारा साठेक किलोमीटर. तिथून तुमसरच्या दिशेने निघाले की आधी वरठी लागते, मग मोहाडी, आणि मोहाडीवरून आत वळले की आंधळगाव. रेल्वेने येणाऱ्यांनी वरठीला उतरावे. स्टेशनच्या पाटीवर नाव मात्र ‘भंडारा रोड’ असे दिसेल. थंडीत आलात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापलेल्या बांध्या दिसतात. काहींत लाखोळी उगवलेली असते, आणि सकाळी बोडीच्या पाण्यावर धुके असते.

बाहेरच्यांना आंधळगाव माहीत आहे ते कोशाच्या कापडामुळे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळीचा कोसा, त्याचे मुळातच मधाच्या रंगाचे सूत, आणि काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असलेली करवतकाठी साडी. काठाचा आणि अंगाचा धागा वेगवेगळ्या धोट्यांनी विणत एकमेकांत अडकवावा लागतो, म्हणून काम सावकाश चालते. या साडीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण तेवढ्यावर घरातला मुलगा मागावर बसतोच असे नाही. एका साडीला लागणारे दिवस आणि हातात येणारी मजुरी, हा हिशेब मुलांना लवकर कळतो. धानाच्या शेतीचा हिशेबही फार वेगळा नाही. म्हणून इथल्या तरुणांच्या तोंडी एक शब्द सतत असतो: भरती.

आम्ही चार दिवस आपांकडे राहायला आलो होतो. पहिल्याच दिवशी फजर आटोपून आम्ही दोघे आणि दुल्हेभाई फिरायला निघालो, तर गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर आमच्याआधी पंधरा-वीस मुले हजर होती. रस्त्याच्या कडेला दर दोनशे मीटरवर चुन्याची रेघ. एका मुलाच्या हातात मोबाईल, त्यावर घड्याळ लावलेले. बाकीचे जॅकेट काढून, हात चोळत रांगेत उभे. ‘चला’ म्हटल्याबरोबर सगळे धुक्यात दिसेनासे झाले. थोडा वेळ नुसता पावलांचा आवाज येत होता. दोन भरत्यांत थोडक्यात हुकलेला एक मोठा मुलगा बाकीच्यांना शिकवतो. दुसरा प्रशिक्षक इथे कोणी नाही.

ज्या घरांत हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. महाराष्ट्र पोलीस शिपाई पदासाठी 50 गुणांची मैदानी चाचणी आणि 100 गुणांची लेखी परीक्षा असते. मैदानात मुलांना 1600 मीटर धावायचे असते, मुलींना 800 मीटर. याला 20 गुण. शिवाय 100 मीटर धावणे आणि गोळाफेक, प्रत्येकी 15 गुण. पैकीच्या पैकी हवे असतील तर मुलाने 1600 मीटर 5 मिनिटे 10 सेकंदांत आणि मुलीने 800 मीटर 2 मिनिटे 50 सेकंदांत संपवले पाहिजे. पुढे सेकंद वाढतात तसे गुण कमी होतात. गुणवत्ता यादी एकेका गुणावर अडते, त्यामुळे चार-पाच सेकंदांवर एखाद्या घराचे पुढचे दिवस ठरू शकतात.

या रस्त्यावर मुली मात्र दिसल्या नाहीत. आमची भाची बारावी झालेली आहे. तिलाही पोलीस व्हायचे आहे, हे आम्हाला नाश्त्याच्या वेळी कळले. शाळेत ती धावायची. आता का नाही, असे विचारले तर म्हणाली, “मामू, पळायला मी तयार आहे. पण अंधारात एकटी नाही जाणार. आणि उजाडल्यावर रस्त्यावर ट्रॅक्टर अन् माणसं असतात.” दुल्हेभाई म्हणाले, “मी नाही म्हटलेलं नाही. पण सोबत कोण?” आपा गप्प होत्या. लोक काय म्हणतील हे कोणी बोलून दाखवले नाही, पण ते सगळ्यांच्याच मनात होते.

तेव्हा आम्ही त्यांना सारा अत्तारची गोष्ट सांगितली. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सौदी अरेबियाने पहिल्यांदा महिला खेळाडू पाठवल्या. त्यांपैकी सारा 800 मीटर धावली. डोके झाकलेले, पूर्ण बाह्या, पूर्ण पायघोळ. ऑगस्टचा महिना होता, रमजान चालू होता. आपल्या शर्यतीत ती सगळ्यात शेवटी आली, पहिलीच्या बरीच मागे. तरी सगळे मैदान उभे राहून टाळ्या वाजवत होते. तिची वेळ होती जवळपास 2 मिनिटे 45 सेकंद. भाचीने लगेच हिशेब केला, “म्हणजे आपल्या भरतीत तिला वीसपैकी वीस.” ऑलिम्पिकमध्ये शेवटची आलेली मुलगी इथे पूर्ण गुण घेऊन गेली असती! त्या दिवशी घरात पहिल्यांदा या विषयावर हसणे झाले.

मुलींच्या धावण्याला आपल्या दीनमध्ये जागा आहे का, असेही कधी विचारले जाते. सुनन अबू दाऊदमध्ये हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितलेला प्रसंग आहे. एका प्रवासात प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याबरोबर त्यांची धावण्याची शर्यत झाली आणि त्या पुढे गेल्या. पुढे काही काळाने पुन्हा शर्यत झाली, तेव्हा प्रेषित (स.) पुढे गेले. पती-पत्नीमधला हा आनंदाचा प्रसंग आपल्या घरांत जरा जास्त वेळा सांगितला गेला पाहिजे.

सोबतीचा प्रश्न शेवटी आपांनीच सोडवला. त्यांना साखरेचा त्रास आहे आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले आहे. ते आजवर राहूनच गेले होते. दुसऱ्या दिवशी थोडे उजाडल्यावर त्या शाल पांघरून बाहेर पडल्या. शेजारच्या विणकर घरातली काकू आणि तिची मुलगीही आली. दोघी बाया चुन्याच्या दोन रेघांमध्ये चालत राहिल्या. मुली त्यांच्यापासून दोनशे मीटर पुढे धावत जायच्या, वळून परत यायच्या आणि पुन्हा निघायच्या. कोणी नजरेआड झाले नाही. भरतीची तयारी करणारी मुलेही रेघेच्या पलीकडच्या बाजूला सरकली आणि त्यांच्यातल्या मोठ्या मुलाने न सांगता मुलींची वेळ घेऊन दिली. भाचीला 800 मीटरला 3 मिनिटे 24 सेकंद लागले. पूर्ण गुणांसाठी अजून 34 सेकंद कमी व्हायला हवेत.

ते कमी कसे होतात, हेही त्या मोठ्या मुलाकडूनच समजले. नवी मुलगी पहिले दोनशे मीटर जीव तोडून धावते आणि सहाशेनंतर तिचे पाय जड होतात. म्हणून पहिला अर्धा भाग राखून धावायचा. आठवड्यातले तीन दिवस बोलता येईल इतक्या सावकाश तीन-चार किलोमीटर, एक दिवस दोनशे-दोनशे मीटरचे वेगाचे तुकडे मध्ये चालत विसावा घेऊन, आणि एक दिवस पूर्ण आराम. रोज घड्याळ लावून पूर्ण ताकदीने धावणाऱ्यांच्या नडग्या दुखू लागतात आणि ऐन भरतीच्या वेळी ते घरी बसतात.

सामानावर फार खर्च नाही. बूट धावण्याचेच असावेत, पुढे अंगठाभर जागा असावी आणि टाच घट्ट धरली जावी. संध्याकाळी पाय थोडे फुगलेले असतात, तेव्हा बूट घ्यावेत. तळ एका बाजूने झिजला की नक्षी बाकी असली तरी ते बदलावेत. मुलींसाठी सैल सलवारीऐवजी घोट्यापर्यंतची ट्रॅकपँट आणि लांब, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट बरा. ओढणीला टाचण्या लावण्यापेक्षा शिवलेला, डोक्यावरून घालायचा स्कार्फ वापरावा. खेळासाठीचे योग्य अंतर्वस्त्र ही चैन नाही, बुटाइतकीच गरज आहे. आईने ते स्वतःहून आणून द्यावे. रमजानमध्ये वेगाचा सराव थांबवून इफ्तारच्या थोडे आधी हलके धावावे, म्हणजे लगेच पाणी मिळते. आणि भंडाऱ्याच्या मे महिन्यात रोजा असो वा नसो, ऊन चढल्यावर कोणीच धावू नये.

मुलांच्या बाबतीत आम्हाला दुसरी एक गोष्ट खटकली. भरती झाली की धावणे सुटते, आणि वय निघून गेले तरीही सुटते. खुल्या प्रवर्गासाठी वयाची मर्यादा 28 आहे. त्यानंतर त्या रस्त्यावर कोणी दिसत नाही, जणू धावण्याचा उपयोग तेवढाच होता. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि खरा धावपटू तिथे गेल्यावर झाला. 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसचे रौप्य आणि 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, हे सगळे नोकरी लागल्यानंतरचे. प्रत्येक जण साबळे होणार नाही. पण भरती न झालेल्या मुलाची दोन-तीन वर्षांची मेहनत त्याच्या छातीत आणि पायांत शिल्लक असते. ती चाळिशीत, पन्नाशीत त्याच्याच कामी येते. घरच्यांनी त्याला ‘आता कशाला पळतोस?’ असे विचारू नये.

आम्ही निघालो त्या सकाळी रस्त्यावर चार बाया चालत होत्या आणि तीन मुली धावत होत्या. भाचीला वर्दी मिळेल की नाही हे अल्लाहच जाणे. मेहनत तिची, दुआ आपल्या सगळ्यांची. दुल्हेभाईंनी मात्र तिच्यासाठी बुटांचे माप कागदावर काढून आमच्या हातात दिले आहे.

आंधळगावला जायचे असेल तर थंडीत जा. एखाद्या विणकराच्या घरी परवानगी घेऊन माग पाहा, शक्य असेल तर कोशाचे कापड थेट त्याच्याकडून घ्या. आणि पहाटे गाडीने पोहोचत असाल तर गावाजवळ वेग कमी करा. धुक्यात आपली लेकरे धावत असतात.