बियाण्याला सोडलेले फळ

वाई,
वैशाख शुद्ध त्रयोदशी

चि. सौ. बेबीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतचा परसबागेचा नकाशा परवाच्या टपालाने पोचला. ज्याने उभी हयात मामलेदार कचेरीत दुसऱ्यांच्या जमिनींची कागदपत्रे तपासण्यात घालवली आणि ज्याच्या स्वतःच्या वाट्याला घरामागचा दीड गुंठाच काय तो आला, अशा तुझ्या मामाला तो नकाशा पाहून किती आनंद झाला हे लिहायला नकोच. पण जडलेली खोड जात नाही, म्हणून आनंद ओसरण्याच्या आत चष्मा पुसून मी त्यातले दोष शोधायलाही बसलो.

मांडव उत्तरेच्या कुंपणाला घेतलास, म्हणजे त्याची सावली वाफ्यांवर पडणार नाही, हे उत्तम. बावीस भाज्यांची यादी मात्र महत्त्वाकांक्षी आहे. पण खरा दोष निराळाच आहे. या बावीस भाज्यांचे प्रत्येक फळ, प्रत्येक शेंग तू स्वयंपाकघराच्या नावे लावून ठेवली आहेस. बियाण्यासाठी म्हणून एकही वेल, एकही रोप, एक हात जागासुद्धा नाही. 'गावरान बियाणे कोठे विकत मिळेल?' असे तू विचारतेस, आणि तुझ्या नकाशाबरहुकूम पुढल्या वैशाखात तुला हाच प्रश्न पुन्हा विचारावा लागणार आहे.

तुझी आजी काकडीच्या वेलीवरचे दुसरे-तिसरे, डोळ्यांत भरेल असे फळ हेरून त्याच्या देठाला तांबडी चिंधी बांधीत असे. त्या चिंधीला आमच्या घरात जप्तीच्या मोहोरेइतका मान होता. बाकीच्या काकड्या कोवळ्या असतानाच ताटात येऊन संपत, आणि ते एक फळ मात्र पिवळे पडून, मग तपकिरी होऊन, साल भेगाळेपर्यंत आम्हा पोरांच्या डोळ्यांदेखत वेलीवर लोंबत राही. पुढे त्यातले बी राखेत घोळून, शेणाच्या चपट्या गोवरीत दाबून, ती गोवरी चुलीमागच्या भिंतीवर थापली जाई. धुराने कीड लागत नसे, आणि मृगाच्या तोंडावर गोवरी उकरली की बी जसेच्या तसे हाती येई. घरातले सर्वांत चांगले फळ खायचे नाही, ही गोष्ट त्या वयात मला निव्वळ जुलूम वाटे. आज वाटते, सगळ्या परसबागेचा आराखडा त्या एका चिंधीपासून आखायला हवा.

आता खरेदीविषयी. दुकानातले पाकीट घेताना त्यावर 'संकरित' लिहिले आहे की 'सुधारित', एवढे आधी पाहा. एफ-१ अशी अक्षरे दिसली तर तो संकरच समज. मी संकरित वाणांचा शत्रू नव्हे. ज्याला बाजारात माल न्यायचा आहे, त्याला एकाच आकाराची, एकाच वेळी तोडणीला येणारी फळे लागतात, आणि ती संकरित बियाण्यानेच मिळतात. पण त्या फळाचे बी धरून पेरलेस, तर पुढली पिढी आजोबा-पणजोबांवर जाऊन विखुरते. एक रोप असे, एक तसे. सुधारित किंवा गावरान वाणाचे बी मात्र नीट धरल्यास आईबापांसारखेच निपजते. पाकिटावरची तपासणीची तारीखही वाचावी. कांद्याचे बी वर्षापलीकडे भरवशाचे राहत नाही; वांग्या-काकडीचे काही वर्षे टिकते. आणि कोणाचेही बी असो, वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून किती उगवतात याची आधी रुजुवात घालावी.

पाकिटापेक्षा माणसाकडून बी घेणे मला अधिक पसंत आहे, कारण त्यासोबत वहिवाट कळते. तुमच्या नाशिकच्या गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात पेठ-सुरगाण्याकडच्या बायका भाजी घेऊन बसलेल्या दिसल्या, तर आधी भाजी विकत घे, घरी शिजवून खा, आणि आवडली तरच पुढल्या बुधवारी त्याच बाईपाशी बियांची गोष्ट काढ. घेताना फेरफाराची नोंद करतो तसे विचारावे: कोणाकडून आले, किती वर्षे घरात आहे, पाणी किती मागते, मांडव लागतो की नाही. नाशिकाहून अकोले तालुक्यातले कोंभाळणे फार लांब नाही. तेथील राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत; पण वाल-घेवड्यांपासून भातापर्यंत देशी वाण त्यांनी ज्या निष्ठेने जपले, त्यासाठी 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या बीजबँकेची कीर्ती तुझ्या कानी असेलच. एकदा जाऊन ये.

'पण असे बी देणे-घेणे कायद्यात बसते का?' ही तुझी शंका वाचून मामाच्या वळणावर गेलीस असे वाटले. बसते. 2001 च्या वाणसंरक्षण आणि शेतकरी हक्कांच्या कायद्यातील कलम 39 ने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदलीचा, वाटण्याचा, इतकेच काय विकण्याचाही हक्क पूर्वीप्रमाणेच ठेवला आहे. संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या नावाने तेवढे विकायचे नाही.

वांगे निवडताना घाई करू नकोस. जळगावकडचे भरताचे मोठे, हिरवट वांगे आणि आमच्या कृष्णाकाठचे काटेरी देठाचे वांगे, दोन्ही थोर; पण शेजारी-शेजारी लावून दोहोंचे बी धरलेस तर माश्या आपला कारभार करतील. वाल, चवळी, टोमॅटो ही बहुतांशी आपल्याच परागावर फळतात, म्हणून नवख्याने बी धरण्याचा आरंभ त्यांच्यापासून करावा. वेली मात्र बेभरवशाच्या. दोडक्याचे फूल सांजेला उमलते, घोसाळ्याचे पहाटे, दुधीचे पांढरे फूल तिन्हीसांजेला; आणि रात्रीच्या पतंगाला कुंपण कळत नाही, याचा दाखला माझ्यापाशी आहे. आमच्या शेजारी एक हरिदास राहत, त्यांनी वीणेसाठी म्हणून कडू भोपळ्याचा वेल चढवला होता. त्या साली माझे दुधी नेहमीसारखेच गोड झाले, म्हणून मी मोठ्या औदार्याने त्यांचे बी तीन घरी वाटले. दुसऱ्या वर्षी तिन्ही घरांतून तोंडी तक्रारी दाखल झाल्या: दुधी विषासारखा कडू! 'विषासारखा' ही अतिशयोक्तीही नव्हे. कडू दुधीने, विशेषतः त्याच्या रसाने, माणसे गंभीर आजारी पडतात. तेव्हा दुधी चिरताना एक फोड जिभेला लावून पाहायची आणि कडू लागली तर फळ व बी दोन्ही टाकून द्यायची, हा नियम घरात पक्का कर. हरिदासांची वीणा मात्र गोड वाजे.

'अस्सल देशी तेवढेच लावणार' असे तू यादीच्या माथ्यावर लिहिले आहेस, ते खोडून टाक. वांगे निश्चितपणे आपले. पण मिरची, टोमॅटो, तांबडा भोपळा ही सारी अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आलेली मंडळी. आमच्या सातारा जिल्ह्यातील कोरेगावचा वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तोही कुळाने तिकडचाच. पिढ्यानपिढ्या इथल्या बायकांनी त्याचे बी धरले म्हणून तो कोरेगावचा झाला. मला एवढी सनद पुरते.

यंदा बावीस नको, सहा लाव. आजीच्या काकडीचे बी माझ्यापाशी असते तर धाडले असते. पण ती गेल्यावर एका वर्षी आमच्याकडून ते पेरायचे राहून गेले, पुढल्या वर्षीही राहिले, आणि गोवरी उकरली तेव्हा एकही दाणा रुजला नाही.

सोबतच्या पुरचुंडीत वाघ्या घेवड्याच्या चाळीस बिया मोजून घातल्या आहेत. तीस पेर, दहा राखून ठेव. पाऊस दगा देतो. पोच लिही.

तुझा,
नानामामा