हसता हसता वाचन

अक्षरे ओळखणे वेगळे आणि वाचता येणे वेगळे. मालेगाव तालुक्यात कामानिमित्त गावोगाव हिंडताना हा फरक मी वारंवार पाहतो. डाळिंबावर फवारायला औषध आणलेले असते, डब्यासोबत मराठीतली माहितीपत्रिकाही असते. शेतकरी सातवी-आठवी शिकलेला असतो. पण एकेक अक्षर जुळवत वाक्याच्या शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. मग कागदाची घडी खिशात जाते आणि दुकानदार सांगेल ते प्रमाण खरे मानले जाते. डब्यावरचा त्रिकोण लाल आहे की पिवळा, हे दिसते. फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचे, हे मात्र बारीक अक्षरांतच राहून जाते.

या अडखळण्याचे मूळ लहानपणात आहे. 'असर'च्या 2022 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला नव्हता. आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. कित्येक घरांत बोलणे अहिराणीत आणि पुस्तक मात्र प्रमाण मराठीत. त्यामुळे पुढचा शब्द मुलाला अंदाजाने सुचत नाही.

यावर सरावाशिवाय उपाय नाही. पण दिवाळीच्या सुटीत पुस्तक हातात दिले की मूल अंगणात पळते. मोठी माणसे उन्हाळ कांद्याचे रोप टाकण्याच्या गडबडीत असतात. मग सराव घेणार कोण आणि करणार कोण?

गेल्या दिवाळीत माझ्या पुतण्याची तिसरीतली मुलगी आमच्याकडे होती. जुन्या कॅलेंडरची पाने कापून मी चिठ्ठ्या केल्या. एका बाजूला प्रश्न, मागच्या बाजूला उत्तर. "करंजी एवढी गप्प का?" "तोंडात सारण आहे म्हणून!" "चकले, तू सरळ का चालत नाहीस?" "सोऱ्याने मला असेच शिकवले!" "रॉकेटदादा, कुठे निघालात?" "माहीत नाही, पण फार घाई आहे!" विनोद अगदी पोरकट होते, आणि पोरीला तेच हवे होते.

ऐकणारी होती माझी आई, म्हणजे त्या मुलीची पणजी. तिने शाळेचे तोंड पाहिलेले नाही. चिठ्ठीत काय लिहिले आहे, हे तिला कळायचे तर पोरीने नीट वाचायलाच हवे. पहिल्यांदा पोर "सो... सोऱ्‍... सोऱ्याने" करत अडखळली. आई म्हणाली, "परत वाच, माले समजनं नही." पोरीने परत वाचले, पुन्हा परत वाचले. चौथ्या वेळी वाक्य सलग आले, प्रश्नाला प्रश्नाचा सूर लागला आणि म्हातारी खळखळून हसली. मग तीच चिठ्ठी घेऊन पोर शेजारच्या तीन घरी जाऊन आली. एवढे वाचन तिच्याकडून सांगून झाले नसते.

यामागे शास्त्र आहे. सॅम्युएल्स या अमेरिकी अभ्यासकांनी 1979 साली एकच छोटा उतारा पुन्हा पुन्हा वाचून घेण्याची पद्धत मांडली. शब्द ओळखीचे झाले की अक्षरे जुळवण्यात जाणारे लक्ष अर्थाकडे वळते. धडा पाचदा वाचायला मूल कंटाळते. विनोद मात्र नव्या माणसाला ऐकवायचा म्हणून ते आनंदाने दहादा वाचते. शेवटच्या शब्दावर अडखळले तर कुणी हसत नाही, हेही त्याला लगेच कळते. इंग्लंडात नाताळच्या जेवणात कागदी फटाके दोघांनी ओढून फोडतात. त्यांतून असाच पोरकट विनोद लिहिलेली चिठ्ठी निघते आणि ती सर्वांसमोर वाचून दाखवायची रीत आहे.

वाचकहो, येत्या सुटीत हे करून पाहा. दिवसाला तीन-चार चिठ्ठ्या पुरेत, वेळ दहा मिनिटांचा. अक्षर मोठे काढा. प्रत्येक चुकीला टोकू नका, आधी वाक्य पूर्ण होऊ द्या. कुणाच्या जातीवर, रंगावर किंवा बोबडेपणावर विनोद नको. एखादी चिठ्ठी अहिराणीतही लिहा, घरची बोली कागदावर पाहून मुलांना मोठी गंमत वाटते. चिठ्ठ्या संपल्या तर मुलांनाच नव्या लिहायला सांगा. पुढे गोष्टींची गोडी लागली की बालभारतीचे 'किशोर' मासिक आहेच. ते 1971 पासून निघते, आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात.

आज जे पोर करंजीची चिठ्ठी न अडखळता वाचेल, ते उद्या औषधाच्या डब्यावरचा मजकूरही स्वतः वाचेल, आणि बापालाही वाचून दाखवील.