वाटणीतला न्याय

जुन्या संगणकात दुसरं नेटवर्क कार्ड बसवायचं, त्यावर लिनक्स टाकायचं आणि सगळं घर एकाच इंटरनेट जोडणीवर आणायचं, हे काम मी आजही हौसेनं करतो. एका कार्डात बाहेरून आलेली केबल, दुसऱ्यात घरातला स्विच. पॅकेट पुढे पाठवायची परवानगी कर्नलला देणारी एक ओळ, आयपीटेबल्समध्ये मास्करेडची दुसरी. पत्ते वाटायला डीएनएसमास्क. एवढ्यावर घर चालू लागतं.

इंटरनेट कंपनीकडून मिळालेला पत्ता एकच असतो. आतले पत्ते १९२.१६८ नं सुरू होणारे, खासगी वापराचे. १९९६ च्या आरएफसी १९१८ नं ते राखून ठेवलेत आणि बाहेर त्यांना कोणी विचारत नाही. म्हणून पॅकेट बाहेर पडताना कर्नल त्यावर घराचा पत्ता घालतं, लागलं तर पोर्टही बदलतं, आणि मूळ पाठवणारा कोण ते कॉनट्रॅकच्या तक्त्यात टिपून ठेवतं. उत्तर आलं की त्याच नोंदीवरून ते योग्य यंत्राकडे जातं. हा तक्ता मला या साऱ्या रचनेतला सर्वांत देखणा भाग वाटतो.

पण जोडून दिलं म्हणजे वाटून दिलं असं होत नाही. एकानं फोटोंचा बॅकअप लावला की शेजारच्या खोलीतला व्हिडिओ कॉल अडखळतो. दोष बहुधा वेगाचा नसतो. मोडेमच्या लांबलचक रांगेत बॅकअपची पॅकेटं साचतात आणि कॉलचं पॅकेट त्यांच्यामागे ताटकळतं. यावर उपाय केक, म्हणजे पॅकेटांची रांग सांभाळणारा लिनक्सचा घटक. २०१८ पासून, आवृत्ती ४.१९ पासून, तो कर्नलमध्येच आहे. पंगतीत वाढपी पानापानाशी थांबत जातो, तसा तो प्रत्येक प्रवाहाला पाळी देतो. मात्र रांग मोडेममध्ये न लागता आपल्या यंत्रात लागायला हवी. त्यासाठी वेगमर्यादा मुद्दाम थोडी खाली ठेवावी लागते. अपलोड २० एमबीपीएसचा असेल तर मी १८ लिहितो.

केकला 'नॅट' हा पर्याय दिला की तो कॉनट्रॅकचा तक्ता वाचतो. मग पत्ता बदललेला असूनही पॅकेट घरातल्या कोणत्या यंत्राचं आहे हे त्याला कळतं आणि वाटणी यंत्रागणिक होते. पन्नास जोडण्या उघडणारा टॉरेंट आणि एकाच जोडणीवर चाललेला मुलीचा ऑनलाइन तास यांना गर्दीच्या वेळी सारखा वाटा मिळतो.

तेव्हा नेट अडतंय म्हणून महागडा प्लॅन घेण्याआधी एक संध्याकाळ काढून केक लावून बघा.