चार पानांसाठी

‘चार पानांसाठी एवढं बोलायचं?’ दोन वर्षं झाली, हे वाक्य अजून कानातून जात नाही.

सदाफुली माझ्याकडे आपणहून आली. सांगलीत घर बांधलं तेव्हा कंपाउंडच्या भेगेत एक गुलाबी रोप उगवलं होतं, ते उपटायचं राहिलं. आता फाटकापासून पायरीपर्यंत गुलाबी, पांढरी, पांढऱ्यात लाल डोळ्याची अशी रांग आहे. लोक विचारतात, खत कोणतं? फार काही नाही. भरपूर ऊन आणि वाळू मिसळलेली, निचऱ्याची माती. पहिल्या वर्षी मी दोन्ही वेळा पाणी घालत होते. आषाढात सात रोपं बुडाशी काळी पडून आडवी झाली. पानं मलूल दिसली की तहान लागली असं आपण धरून चालतो, पण मुळं कुजली तरी पानं तशीच दिसतात. आता बोट खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी. जोडशेंगा पिवळट झाल्या की तडकायच्या आत काढते आणि बी मातीखाली झाकून पेरते, कारण ते अंधारात चांगलं रुजतं.

शेजारच्या गल्लीतले एक काका पहाटे फिरून येताना फाटकातून हात घालायचे. देवाला फुलं नेत असतील म्हणून मी कधी बोलले नाही. एक दिवस पाहिलं, तर कोवळी पानं तोडून तिथंच उभ्यानं चावत होते. ‘शुगरला उत्तम, वहिनी. तीन महिने घेतोय. गोळ्या निम्म्या केल्या.’ डॉक्टरांना सांगितलंत का, विचारलं. ‘त्यांना कशाला सांगायचं?’

माझ्या पोटात गोळा आला. माझा भाचा सहा वर्षांचा असताना त्याला रक्ताचा कर्करोग झाला होता. त्याला जी औषधं दिली त्यांतलं व्हिंक्रिस्टीन या सदाफुलीतूनच मिळतं. शिरेतून थोडं जरी बाहेर झिरपलं तरी आजूबाजूचं मांस जळतं, म्हणून नर्स त्याचा हात धरून बसायची. त्याच्या पायांतली शक्ती गेली, पाऊल उचलेना. आज तो इंजिनिअरिंगला आहे. म्हणजे या झाडाचे माझ्यावर केवढे उपकार आहेत! पण ते औषध मोजून-मापून, दर वेळी रक्त तपासून दिलेलं होतं.

काकांना मी सगळं सांगितलं. 1952 साली जमैकाहून याच झाडाची पानं कॅनडात पोचली, तीही मधुमेहावर चालतात म्हणूनच. रॉबर्ट नोबल यांनी अर्क उंदरांना पाजला. साखर उतरली नाही. टोचला, तर उंदीर जंतुसंसर्गानं मेले, कारण रक्तातल्या पांढऱ्या पेशीच घटल्या होत्या. त्यावरूनच नोबल आणि चार्ल्स बीअर 1958 पर्यंत व्हिनब्लास्टीनपर्यंत पोचले. तुम्ही साखरेसाठी जे चावताय, काका, त्यातून कर्करोगाचं औषध निघालंय.

तेव्हा ते ‘चार पानांसाठी’ म्हणाले. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. संध्याकाळी कट्ट्यावर सांगितलं, बाई झाडाला हात लावू देत नाही, सोन्याचं झाड लावलंय जणू. मी फाटकाला जाळी मारली, तर म्हणे बघा, खरं निघालं. त्यांच्या घरून संक्रांतीचं हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. काकूंशी माझं वीस वर्षांचं येणं-जाणं. त्या बाजारात मान वळवून गेल्या. मी कधी कुणाला फूल नाकारलं नाही, रोपं तर डझनानं वाटली. कंजूष म्हणून माझं नाव व्हावं?

एक गोष्ट मात्र मी काकांना सांगितली नाही. भाच्याच्या आजाराआधी आमच्या सासूबाईही रोज सकाळी तीन पानं चावायच्या, आणि ती तोडून त्यांच्या हातावर मीच ठेवायची. मग काकांवर एवढा आवाज चढवण्याचा हक्क मला होता का? कधी वाटतं, गुपचूप काकूंना सांगायला हवं होतं. लगेच वाटतं, नाही, गोळ्या निम्म्या केल्यावर गप्प बसणंही बरोबर नव्हतं.

तुमच्या घरात कुणी ही पानं चावत असेल, तर पुढच्या वेळी डॉक्टरांना तेवढं नक्की सांगा.