लाईन आणि सूर

बोरी अरब या आमच्या गावी मामांच्या ओसरीत गॅरर्ड कंपनीचं ३०१ हे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र आहे. एका बंद पडलेल्या थिएटरच्या भंगारातून मामांनी ते उचललं, सागवानी फळ्यांच्या जाड चौकटीत बसवलं आणि त्याच्या शेजारी बाजाची पेटी ठेवली. पेटी तिथे का, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

३०१ आलं १९५४ साली, इंग्लंडातल्या स्विंडनहून. त्याची मोटार थाळीला थेट फिरवत नाही. मध्ये रबरी काठाचं एक चाक असतं. मोटारीचा जोर त्या चाकातून थाळीच्या आतल्या कडेला लागतो. सुई रेकॉर्डवर टेकली तरी थाळी रेंगाळत नाही. तबल्याची थाप इतकी ठाम मी दुसऱ्या कुठल्याच यंत्रावर ऐकलेली नाही. मोटारीची बारीक घरघर सोबत येते, ते खरंच. पुण्यात एका स्नेह्याकडे लिनचं एलपी१२ आहे. हे ग्लासगोचं यंत्र, सत्तरच्या दशकातलं. त्यात मोटार बाजूला, रबरी पट्ट्याने थाळीशी जोडलेली, आणि थाळी व सुईची दांडी दोन्ही स्प्रिंगांवर तरंगत्या. त्यावर तंबोरा सुरू झाला की यंत्र खोलीत आहे हेच विसरायला होतं. जपानच्या टेक्निक्सने १९७० मध्ये एसपी-१० काढून पट्टा आणि चाक दोन्ही काढून टाकलं. थाळीच मोटारीवर बसवली.

एलपीसाठी विचाराल तर मी लिनच घेईन. पण आमच्या घरातल्या अर्ध्या रेकॉर्डी मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या आहेत, आणि लिनवर ७८ चा वेगच नाही. ज्या महागड्या यंत्रावर बालगंधर्व लागत नाहीत, ते मराठी घरात अपुरं आहे असं मला मनापासून वाटतं. ३०१ वर ७८ आहे. सुई मात्र बदलावी लागते, कारण या रेकॉर्डींची चर रुंद असते. एलपीच्या सुईचं टोक त्यात तळाशी लोळतं आणि नुसती खरखर उचलतं. शिवाय या रेकॉर्डी लाखेच्या. लाखेचा किडा पोसला जातो पळसावर, बोरीवर. आमच्या गावाच्या नावात बोर आहे आणि फाल्गुनात शिवार पळसाने पेटलेलं असतं, म्हणून ती काळी रेकॉर्ड हातात घेतली की मला परकी वाटत नाही.

आता पेटीची गोष्ट. लोडशेडिंगचे दिवस होते. मामांनी हिराबाई बडोदेकरांची ७८ ची रेकॉर्ड लावली आणि लगेच मान हलवली.

"बाई उतरली रे."

मी वेग तपासायचं पुठ्ठ्याचं कार्ड आणून थाळीवर ठेवलं. त्यावर गोलाकार ७७ रेघा असतात. आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, त्यामुळे ट्यूबलाईट शंभरदा उजळते-विझते. थाळी ७८ ने फिरत असेल तर त्या उजेडात रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. रेघा उभ्याच होत्या.

"कार्ड तं बरोबर सांगते, मामा."

"कार्डाले कुठून कळन बाप्पा? त्याच्या उजेडालेही तीच लाईन हाये ना."

त्यांनी पेटीचा भाता ओढला, एक पट्टी दाबली. हिराबाईंचा षड्ज खरोखर खाली होता.

विजेवर भार वाढला की पन्नासचे एकोणपन्नास होतात. मोटार त्या मानाने मंदावते, ट्यूबही मंदावते, म्हणून रेघा हलत नाहीत. ७८ चा वेग साडेशहात्तरच्या आसपास येतो. आवाज पुढच्या पट्टीपर्यंतच्या अंतराच्या तिसऱ्या हिश्शाएवढा उतरतो. कानसेनाला तो बोचतोच. पेटीच्या सुराला मात्र वीज लागत नाही.

पुढे लिनने आपल्या मोटारीसाठी यंत्रातच क्वार्ट्झच्या स्फटिकावर पन्नासचा ठेका धरला. टेक्निक्सच्या एसएल-१२०० लाही स्फटिकाचा लगाम आला. बाहेरच्या लाईनचं काहीही होवो, थाळी आपल्या चालीने फिरते. या यंत्रांना लाखांत पैसे मोजणाऱ्यांना मी वेडं म्हणणार नाही. तंबोरा लावायला गवई घटका घालवतो, त्याच जातीचा हा खर्च आहे.

मामांकडे स्फटिक नाही. ३०१ ला वेग किंचित कमी-जास्त करायची घुंडी आहे, तेवढ्यावर त्यांचं भागतं. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेची वीजही देशाच्या ग्रिडला जोडली गेली. आता पन्नासचा आकडा फारसा हलत नाही. तरी मामांची रीत तीच. रेकॉर्ड फिरायला लागते, ते डाव्या हाताने भाता हलवतात, उजव्या हाताने षड्जाची पट्टी दाबतात. मग पट्टीवरचं बोट उचलून तो हात घुंडीवर नेतात आणि डोळे मिटून, केसभर केसभर, बाईंना सुरावर आणतात.