सत्याला वयाची अट असते का?

मागच्या वर्षी २९ सप्टेंबरला आमच्या विहारात खैरलांजीच्या स्मृतीचा कार्यक्रम होता. आम्ही मोहाडी तालुक्यातले. खैरलांजी आमच्यासाठी पुस्तकातलं नाव नाही, शेजारचं गाव आहे. त्रिसरण-पंचशील झालं आणि मी प्रोजेक्टर लावला. २००६ मध्ये भोतमांगे कुटुंबाच्या हत्याकांडानंतर पत्रकांवर छापले गेलेले मृतदेहांचे फोटो मी भिंतीवर दाखवले. पुढे सतरंजीवर वीसेक लेकरं बसली होती. सर्वात लहान सहा वर्षांचं, सर्वात मोठं सोळाचं.

तिसऱ्या दिवशी एक आई धानाच्या बांधीतून थेट माझ्या घरी आली. म्हणाली, "ताई, माही पोरगी दोन रात्री झोपली नाई जी. असं काऊन दाखवता लेकराइले?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. आपल्या लेकरांना सत्य कळलंच पाहिजे, जात काही वय पाहून येत नाही, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते मले मान्य आहे. पण ते ईचारते, आई, आपल्याले बी मारतीन का? मी तिले काय सांगू?"

मी समाजशास्त्रात एम.ए. केलंय. समाजीकरणावर, मूल जात कशी शिकतं यावर पानंच्या पानं लिहिलीत. त्या बाईच्या प्रश्नाला माझ्याकडे एक ओळही नव्हती.

खरं सांगायचं तर तो प्रश्न माझाही होता. २००६ मध्ये मी दहावीत होते. ते पत्रक आमच्या घरी आलं तेव्हा त्यातली मुलगी माझ्याहून थोडीच मोठी होती. पुढे अनेक भाषणांत मी सांगितलं, "त्या फोटोने मला कार्यकर्ती बनवलं." ते खोटं नाही. पण अर्धंच आहे. त्यानंतर कित्येक महिने मी एकटीने शेताकडे जात नव्हते, हे मी कोणत्याच भाषणात सांगितलं नाही. आणि त्या मुलीला तो फोटो असा गावोगाव फिरलेला चालला असता का, हा प्रश्न तर मला पडलाच नाही.

ते फोटो तेव्हा का फिरले, हेही विसरू नका. मोठ्या माध्यमांनी बरेच दिवस दखल घेतली नव्हती. आपल्या माणसांकडे दुसरा पुरावा नव्हता, म्हणून फोटो बोलले. पुढे २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरलं, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. खून मान्य झाला, जात मान्य झाली नाही. अशा देशात आपण "लहानांना दाखवू नका" हे वाक्य संशयानेच ऐकतो. ऐकलंही पाहिजे. कारण वयाच्या नावाखाली नेमकं काय लपवलं जातं, ते आपण पाहिलंय.

ताजं उदाहरण घ्या. २०२५ मध्ये 'फुले' चित्रपट जोतीरावांच्या जयंतीला, ११ एप्रिलला येणार होता. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतला, प्रदर्शन २५ एप्रिलवर गेलं. सेन्सॉर बोर्डाने 'यू' प्रमाणपत्र दिलं, म्हणजे कोणत्याही वयाच्या मुलाने पाहावा असा चित्रपट. पण त्यासाठी 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द काढायला लावले. तीन हजार वर्षांची गुलामी 'कित्येक वर्षांची' झाली. मला विचारायचंय, हे शब्द कोणत्या मुलाला सोसणार नव्हते? आमच्या वस्तीतल्या मुलाला तर हा शब्द शाळेत जायला लागल्यावर पहिल्याच वर्षी ऐकू येतो, तोही शिवी म्हणून. इतिहास म्हणून तो ऐकायची संधी होती, तेवढी कापली.

कायद्यात मात्र जात आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ओटीटीसाठी यू, यूए ७+, १३+, १६+ आणि ए अशा पायऱ्या ठरवल्या. वय ठरवताना हिंसा, नग्नता, भाषा यांच्यासोबत भेदभावाचाही विचार करावा असं त्यात लिहिलंय आणि त्या यादीत 'जात' हा शब्द आहे. २०२३ च्या दुरुस्तीने चित्रपटगृहातल्या सिनेमालाही ७, १३, १६ या पायऱ्या आल्या. प्रश्न असा आहे की हा नियम वाचणारे कोण? जातीवरून केलेला विनोद आणि जातीच्या अन्यायाची गोष्ट यांतला फरक त्यांना कळतो का? पहिल्यात मुलाचा अपमान आहे, दुसऱ्यात त्याची ओळख आहे. रक्ताचे थेंब मोजता येतात. अपमान मोजायला तो भोगलेला किंवा निदान ऐकून घेणारा माणूस त्या टेबलावर लागतो.

गेमची गोष्ट आणखी वेगळी. सिनेमासारखं गेमसाठी आपल्याकडे सरकारी प्रमाणपत्र मंडळ नाही. प्ले स्टोअरवर दिसणारा ७+, १२+ हा आकडा गेम बनवणाऱ्याने भरलेल्या प्रश्नावलीतून निघतो. त्यात हिंसा, शिव्या, जुगार विचारतात. पण खेळताना अनोळखी खेळाडू हेडफोनमधून काय बोलतील, त्याची हमी तो आकडा देत नाही. आमच्या अभ्यासिकेतल्या एका बारा वर्षांच्या मुलाने बंदुकीच्या एका गेममध्ये आपल्या नावापुढे 'जयभीम' लावलं. पलीकडून जे ऐकू आलं ते मी इथे लिहिणार नाही. त्याने तक्रार केली नाही, घरी सांगितलं नाही. गुपचूप नाव बदललं. गोळीबार सगळ्यांना दिसतो, ही जखम कोणत्या रेटिंगमध्ये बसते?

मित्रांनो, म्हणून मी दोन्ही बाजूंशी भांडतेय. "मुलांना जात सांगू नका" म्हणणाऱ्यांशी, आणि "आपल्या मुलांना सगळंच दाखवा" म्हणणाऱ्या माझ्या स्वतःशीही. सत्य लपवणं वेगळं, आणि ते पेलेल अशा मापाने देणं वेगळं.

हे मी बाहेरून उसनं आणलेलं नाही. अंबलट्ठिका राहुलोवाद सुत्त आठवा. पाली परंपरेनुसार राहुल तेव्हा सात वर्षांचा होता. तथागतांनी त्याला खोटं का बोलू नये हे भांड्यातल्या थोड्याशा पाण्यावरून आणि आरशावरून समजावलं. अनात्माची खोल चर्चा पुढे, तो मोठा झाल्यावर झाली. धम्म तोच, माप वेगळं.

आणि बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये सांगितलेला १९०१ चा मसूर स्टेशनवरचा प्रवास घ्या. नऊ-दहा वर्षांचं पोर, जवळ जेवण आहे पण पाणी मिळत नाही. दुप्पट भाडं देऊनही गाडी स्वतः हाकायची, गाडीवाला बाजूने चालणार. त्यात रक्ताचा थेंब नाही. सात वर्षांच्या मुलालाही ती कळते, आणि तो घाबरत नाही, चिडतो. "पाणी का नाही दिलं?" असं विचारतो. प्रश्न विचारणारं मूल हवंय आपल्याला, झोप उडालेलं नाही.

त्या आईला घेऊनच आम्ही विहारात बसलो आणि आमच्या पायऱ्या ठरवल्या. सात वर्षांपासून मसूरचा प्रवास, सावित्रीमाईंवर फेकलेलं शेण, चवदार तळं. तेरापासून खैरलांजी, पण शब्दांत. जमिनीचा वाद, जात, न्यायालय, सगळं. सोळापासून निकालपत्र आणि त्यावरची चर्चा. मृतदेहांचे फोटो कोणत्याच वयाला नाहीत. ती आपली माणसं होती, त्यांची अब्रू हीसुद्धा आपली जबाबदारी आहे. गेम खेळणाऱ्या मुलांसाठी एकच नियम: शिवी आली तर नाव बदलायचं नाही, मोठ्यांना सांगायचं. आणि कुणी सांगायला आलं तर मोठ्यांनी आधी मोबाईल हिसकावायचा नाही.

तुमच्या विहारात, तुमच्या अभ्यासिकेतही हे करा. आणि जिथे वयाचे आकडे ठरतात त्या मंडळांवर आपली माणसं, विशेषतः आपल्या आया, असाव्यात ही मागणी रेटा. आपण पायऱ्या ठरवल्या नाहीत, तर ठरवणारे आहेतच. ते शब्द कापतील आणि शिवी सोडून देतील.

त्या मुलीच्या प्रश्नाला मी आता उत्तर देते, "घाबरू नको" असं मात्र म्हणत नाही. म्हणते, तसं होऊ नये म्हणून आम्ही एवढी सगळी माणसं इथे बसलोय, आणि तू मोठी झालीस की तूही बसशील. यंदाच्या २९ सप्टेंबरला ती पहिल्या रांगेत होती. घरी गेल्यावर झोपली, असा तिच्या आईचा फोन आला.

जयभीम!