ठाकुर्ली, थार आणि थ्री-पिन!

‘ठाकुर्ली? म्हणजे डोंबिवलीच ना?’ हा प्रश्न मी कॉलेजपासून ऐकतेय. नाही हो! डोंबिवली आणि कल्याणच्या मध्ये एक स्टेशन आहे. तिथे फक्त स्लो लोकल थांबते आणि फास्टमधली मंडळी मोबाइलमधून मान वर करेपर्यंत ते निघूनही गेलेलं असतं. तिथे आम्ही राहतो. बाबा, मी आणि तेरा वर्षांची एक हॅचबॅक.

तर या ठाकुर्लीत दिवाळीला माझा दादा परत येतोय. न्यू जर्सीतल्या एडिसनहून. कायमचा. म्हणजे, येतोय असं म्हणतोय.

नोकरीचं जमलंय, ऐरोलीत, आठवड्याला तीन दिवस ऑफिस. वहिनी तयार आहे. बाबांनी मागच्या खोलीला रंगही काढून घेतला. आणि मग एका रात्री साडेअकराला दादाचा फोन. ‘बाकी सगळं जमेल गं. पण गाडीचं काय? तू पत्रकार आहेस ना, शोध जरा.’

गाडी म्हणजे त्याची जीप रँग्लर फोर-बाय-ई. प्लग-इन हायब्रिड, आणि वर अस्सल ऑफ-रोडर. आठवडाभर विजेवर ऑफिस आणि शनिवारी पाइन बॅरन्सच्या वाळूत चाकं फिरवायची. या गाडीवर दादाचा जीव आहे. फोटोत पोरांपेक्षा जीप जास्त असते! त्याला इथे अगदी तस्संच हवंय. सोमवार ते शुक्रवार वीज, वीकेंडला सह्याद्री.

आधी फंडा समजून घेऊ. साध्या हायब्रिडमध्ये, म्हणजे आपल्याकडची इनोव्हा हायक्रॉस घ्या, बॅटरी छोटी असते. ब्रेक मारताना आणि इंजिनावर ती आपली आपण भरते, प्लगचा प्रश्नच येत नाही. प्लग-इनमध्ये बॅटरी मोठी असते आणि ती मोबाइलसारखी भिंतीला लावावी लागते. दादाच्या जीपची आहे १७.३ किलोवॉट-तासांची. ती फुल्ल असली की अमेरिकेच्या सरकारी मापाने ३४ किलोमीटर निव्वळ विजेवर. मग पेट्रोल. डोंगरात मोटरची गंमत अशी, की तिचा जोर पहिल्या क्षणापासून मिळतो. दगडावर चाक चढवताना इंजिन रेझ करायला नको, आणि आवाज जवळजवळ नाहीच.

सॉलिड आहे ना? आता खरी गोम. प्लग लावलाच नाही, तर हीच गाडी काही शे किलो जास्तीचं ओझं घेऊन पेट्रोलवर पळते. आणि लोक प्लग लावत नाहीत! युरोपियन कमिशनने २०२४ मध्ये गाड्यांमध्येच बसवलेल्या मीटरचे आकडे प्रसिद्ध केले. त्यात प्लग-इन हायब्रिड प्रत्यक्ष रस्त्यावर लॅबमधल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट कार्बन डायऑक्साइड सोडताना सापडल्या. घरोघरी गॅरेज असलेल्या देशांची ही कथा. आपण स्टिल्ट पार्किंगवाले!

शोरूमची फेरी लवकर आटोपली. रँग्लर भारतात मिळते, २०२१ पासून ती पुण्याजवळ रांजणगावला जुळवलीही जाते, पण निव्वळ पेट्रोलवर. विजेची आवृत्ती कंपनीने इथे आणलीच नाही. व्होल्वोने २०१६ मध्ये एक्ससी ९० प्लग-इन आणली होती, सव्वा कोटीची. बीएमडब्ल्यूची एक्सएम २०२२च्या डिसेंबरात आली, २ कोटी ६० लाखांना. (त्या पैशांत आमच्या बिल्डिंगचा एक अख्खा मजला येईल, पार्किंगसकट.) तिकडची जीपच घेऊन यायची? आयातीला स्टिअरिंग उजवीकडे लागतं. आणि विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के असला, तरी मोठ्या प्लग-इन हायब्रिडवर तो सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे. सरकारच्या लेखी ती पेट्रोलचीच गाडी.

एवढं कळवून मोकळी झाले असते. पण दादा म्हणाला, ‘आज नाही तर उद्या कोणीतरी स्वस्तातली आणेल. मला एवढंच सांग, आपल्याकडच्या ड्रायव्हिंगला ती सूट होईल का?’

प्रश्न रास्त होता. म्हणून मी आमच्या हॅचबॅकच्या कप्प्यात एक वही ठेवली. १४ दिवस, प्रत्येक फेरी लिहायची. तुम्हीही करून बघा, आपण स्वतःला समजतो तेवढे भटके अजिबात नसतो! माझ्या वहीप्रमाणे गाडी ९ दिवस हलली आणि त्यातले ७ दिवस दहा किलोमीटरच्या आत. बाबांचा हार्टचा चेकअप. नव्वद फुटी रस्त्यावरून भाजी. पहाटे मावशीला कल्याण स्टेशन, कारण तिची गाडी ठाकुर्लीला थांबायचा प्रश्नच नाही. आठव्या दिवशी बदलापूरला लग्न. आणि एकदा मुद्दाम सकाळी आठला दादाचं भावी ऑफिस, ऐरोली.

पत्रीपुलाकडून कल्याण-शीळ रस्ता, शीळफाटा, महापे, ऐरोली. साधारण २५ किलोमीटर. जाताना एक तास वीस मिनिटं, येताना पावणेदोन. इथे मात्र मी दादाच्या बाजूची झाले. अशा जॅममध्ये पेट्रोल गाडी उभ्या उभ्या पीत राहते, मोटर मात्र थांबली की थांबली, एसीपुरतीच वीज खाते. एसी लावून बॅटरीचे ३० किलोमीटर धरले तरी जाण्यायेण्याच्या ५० पैकी ३० विजेवर. ऑफिसात प्लग मिळाला तर सगळेच. बाबांचे चेकअप आणि भाज्या तर फुकटात जमा. म्हणजे सोमवार ते शुक्रवार, गाडी पास.

राहिला सह्याद्री. एका मैत्रिणीच्या नवऱ्याची डिझेल थार मागून घेतली (त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता) आणि रविवारी सहाला निघालो. पत्रीपूल आता चकाचक आहे. ब्रिटिशांच्या काळातला जुना पूल २०१८च्या नोव्हेंबरात पाडला आणि नवा २०२१च्या जानेवारीत खुला झाला. मधली दोन वर्षं कल्याण-डोंबिवलीकरांना विचारू नका. शहाडचा पूल उतरला की म्हारळ, वरप, कांबा. मग रायत्याला उल्हास नदी लागते आणि हवा बदलते. गोवेलीनंतर कुठे खिडकी खाली केली. मी मांडीवर वही घेऊन किलोमीटर मोजत होते. मुरबाड जेमतेम आलं आणि आकडा झाला ३४.

म्हणजे दादाची बॅटरी इथे संपली असती. वडापावच्या गाडीपाशी. डोंगर अजून दिसायचेच होते!

त्याच्या गाडीत बॅटरी राखून ठेवायचं बटण आहे म्हणा. ते दाबून इथपर्यंत पेट्रोलवर यायचं आणि वीज पुढच्या चढासाठी ठेवायची. पण मग वीज वाचवून पेट्रोल जाळत आलो, हा हिशेब राहतोच. सरळगाव, टोकावडे, वैशाखरे... डावीउजवीकडे भात नुकता लावलेला, ढग रस्त्यावर उतरलेले. मैत्रिणीच्या मामांचं शेत नाणेघाटाच्या पायथ्याच्या अलीकडे. डांबरी सोडून दीड किलोमीटर नुसता लाल चिखल. थारचा छोटा दांडा फोर-लोमध्ये टाकला आणि ती गुरगुरत, घसरत, पुन्हा सावरत चालली. मागे बसलेली मी दोन्ही हातांनी हँडल धरून ओरडत होते, आणि खरं सांगू? मजा आली. दादाला हे का हवंय ते तेव्हा कळलं. हेच डिझेलच्या घरघरीशिवाय झालं असतं तर ओढ्याचा आवाजही ऐकू आला असता.

मामांनी मात्र एक बजावलं. ‘वाट आहे तिथवर गाडी. गवतावर नाही घालायची. फुलं येतात तिथं, नि पुढं फॉरेस्टची हद्द.’ रीलवाल्या मंडळींनी ऐकावं असं वाक्य.

नंतर माळशेज चढून वरचा वारा खाल्ला आणि परत. घाट उतरताना मला पुन्हा ती जीप आठवली, कारण उतारावर तिची मोटर जनरेटर होते आणि थोडी बॅटरी भरून देते. रात्री हे बाबांना मोठ्या कौतुकाने सांगितलं, तर ते हसले. ‘अगं, बोर घाटातली आमची विजेची इंजिनं उतारावर वीज परत तारेत सोडायची. तुमच्या जीपच्या कितीतरी आधी.’

वहीतली त्या दिवसाची बेरीज: १८६ किलोमीटर. त्यातलं खरंखुरं ऑफ-रोड, जाऊन-येऊन ३.

बाबा रेल्वेत इलेक्ट्रिकलला होते, त्यामुळे विजेचा विषय निघाला की घरात चोळा पॉवरहाऊस निघणारच. नव्या ठाकुर्लीकरांना माहीत नसेल, पण हे आपलं गाव एकेकाळी गाड्यांना वीज पुरवायचं. १९२५च्या ३ फेब्रुवारीला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, मग तारा कल्याणच्याही पुढे घाटांकडे निघाल्या, आणि जीआयपी रेल्वेने १९२९ मध्ये कोळशावर चालणारं वीजघर इथे चोळ्याला सुरू केलं. १९८०च्या दशकात ते बंद झालं. बाबांची नोकरीची पहिली वर्षं त्याच परिसरात गेली. ‘आपल्या कोळशावर लोक ऑफिसला जायचे,’ हे त्यांचं पेटंट वाक्य.

आणि त्याच ठाकुर्लीत, आमच्या पार्किंगमध्ये, एक थ्री-पिन सॉकेट नाही.

म्हणजे एक आहे, वॉचमनच्या पंख्याचं. मी सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना गाठलं. चार्जिंगला विशेष काही लागत नाही, नेहमीच्या १६ अँपिअरच्या पॉइंटवर १७ युनिटची बॅटरी सहाएक तासांत, रात्रीत आरामात भरते. केंद्राच्या २०२२च्या सूचनांप्रमाणे घरच्या कनेक्शनवरूनच गाडी चार्ज करता येते, हेही सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘बातमी वाचली का?’

वाचली होती. २०२५च्या नोव्हेंबरात अमेरिकेत प्लग-इन जीपच्या जवळपास ३ लाख २० हजार गाड्या बॅटरीला आग लागण्याच्या भीतीने परत बोलावल्या गेल्या. दुरुस्ती होईपर्यंत चार्ज करू नका, इमारतीपासून लांब, उघड्यावर उभ्या करा, असं मालकांना कळवण्यात आलं. दादाची त्यातलीच. ‘खाली गाड्या, वर सात मजले माणसं. मी सही कशी करू, तूच सांग,’ काका म्हणाले. बॅटरीच्या सगळ्याच गाड्या अशा नसतात, हे मी त्यांना पटवायचा प्रयत्न केला. पण त्यांना खडूस म्हणायचं ठरवून गेले होते आणि ते काही जमेना. शेवटी ‘मीटिंगमध्ये ठेवू’ यावर तह झाला.

शनिवारी दादाला व्हिडिओ कॉलवर सगळं वाचून दाखवलं. म्हटलं, रोजच्या धावपळीला प्लग-इन तुला झकास चालेल, पण रोज रात्री प्लग लागला तरच. तो नसेल तर साधा हायब्रिड बरा. आणि प्लग मिळणारच असेल, तर या ३० किलोमीटरच्या फेऱ्यांना छोटी इलेक्ट्रिक पुरते, पेट्रोलचं इंजिन कशाला वागवायचं? वर्षातल्या चार डोंगरी रविवारांना थार भाड्याने घे. ३ किलोमीटर चिखलासाठी उरलेले १८३ किलोमीटर एवढं वजन ओढायचं, हे मला पटत नाही. शिवाय २०२६च्या मॉडेलपासून अमेरिकेतच प्लग-इन जीप बंद करतोय, असं कंपनीने जाहीर केलंय.

तो गप्प. मग हसत म्हणाला, ‘थोडक्यात, येऊन लोकलने फिर.’

‘ठाण्याला बदलून ऐरोली. जॅम नाही, पार्किंग नाही.’

‘मग मी येऊ कशाला?’

जोक होता. वहिनी मागे हसलीसुद्धा. पण सोफ्यावर बसलेल्या बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर आणायला खाली उतरले, तर बाबा आमच्या स्लॉटमध्ये उकिडवे बसलेले. हातात मेजरिंग टेप, बाजूला माझीच वही, मागच्या पानावर आकृती. मीटर रूमपासून खांबापर्यंत ४१ मीटर. वायर चार एमएमची, पाइपातून. अर्थिंग वेगळं. स्लॉटच्या तोंडाशी ब्रेकर, सोसायटीला हवा तेव्हा बंद करता येईल असा.

‘बाबा, अजून गाडीच ठरली नाहीये.’

‘मीटिंग कधी आहे?’ त्यांनी विचारलं. आणि टेपचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.